कचरा मोजायचा आठवडा

सिज्जीवी, माल्टा
१२ ऑक्टोबर १९५४

बाळ साव्हेर,

तुझ्या बापाचे आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. त्याचं कारण सांगतो, पण सावकाश सांगतो, कारण हे पत्र मी माझ्याच हाताने लिहितोय आणि माझा हात कसा चालतो ते तुला ठाऊक आहे. आजवरची पत्रं मी तोंडाने सांगायचो आणि जुस्तीना लिहायची. तिचं अक्षर सुरेख, चुका नाहीत. माझ्या सांगण्यात तिनं स्वतःचं कधी काही घातलं नाही. शेवटी फक्त ‘जुस्तीनाचा नमस्कार’ एवढंच. ते मी न सांगता लिहायची.

हे पत्र तिला दाखवायचं नाही. म्हणून शेतातल्या दगडी खोपटात बसून, टोमॅटोच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय. घरी बसलो असतो तर सूनबाई म्हणाली असती, बाबा, द्या इकडे, मी लिहिते. टपालपेटीतही मी टाकणार नाही. आपला पोस्टमन चांगला आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. स्पीरूसाहेब व्हॅलेट्टाला जातील तेव्हा त्यांच्या हाती देईन.

तुझी तब्येत कशी आहे? तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात आता उन्हाळा सुरू होईल म्हणतात. सगळं उलटंच. लोकरीचा बनियन एकदम काढू नकोस, छातीला बाधतं. इकडे माझे गुडघे धरलेत. खेचर खोकतं, आणि ते खोकलं की मला झोप लागत नाही. गच्चीवरच्या पाण्याचं टाकं एका कोपऱ्यात चिरलंय. गवंडी म्हणतो काही होत नाही. गवंड्याला काय, पाणी त्याचं थोडंच जाणार आहे. बटाट्याचं बी अजून आलेलं नाही. दरवर्षी उशीर होतो आणि दरवर्षी मी काळजी करतो, जुस्तीना हसते.

तुझं शेवटचं कार्ड आलं ते गेल्या वर्षीच्या ईस्टरला. त्यावर कोकराचं चित्र होतं. पोस्टमन गल्लीत वळला की जुस्तीना दाराशी येते. आता तो लांबूनच मान हलवतो, तिला दारापर्यंत यायला लागू नये म्हणून. तरी ती येते. उंबऱ्यापर्यंत येते, उभी राहते, मग पायरी पुसायला लागते, जणू त्यासाठीच आली होती.

पण ते मागाहून. आधी गावातली मोठी बातमी सांगतो.

सरकारला आपल्या इथे कारखाना काढायचाय. कसला, तर कचऱ्याचं कंपोस्ट खत करायचा. व्हॅलेट्टाचा, स्लीमाचा, सगळ्या गावांचा कचरा आणायचा, यंत्रात घालायचा, कुजवायचा आणि शेतकऱ्यांना खत म्हणून द्यायचा. आपल्या मातीला खताची गरज आहे हे खरंच, वीतभर माती आणि खाली खडक. पण कारखाना केवढा बांधायचा, यंत्र कुठलं घ्यायचं, खत चांगलं होईल की नुसती राख, हे इथल्या कचेरीत कुणालाच सांगता येईना. म्हणून गव्हर्नरच्या कचेरीनं लंडनला लिहिलं, आणि लंडननं सल्ला द्यायला एक इंजिनियर पाठवला. एल्डरटन नाव त्याचं. जागा कुठली बघितली, तर आपल्या शेताच्या पलीकडची दगडाची जुनी खाण. तू लहानपणी जिथे पडला होतास ती.

मला पहिल्या दिवसापासून घोर लागला. माश्या होतील, वारा तिकडून आला की वास थेट आपल्या खोपटात. स्पीरूसाहेबांना विचारलं. ते आता सॅनिटरी इन्स्पेक्टर झालेत, टाय लावतात. म्हणाले, “इंद्रीकाका, यंत्र बंद असतं, वास बाहेर येत नाही.” मी म्हटलं, “भट्टीही बंदच असते, पण पावाचा वास गावभर जातोच की.” त्यावर ते म्हणाले, “तुम्ही आईच्या पोटातूनच काळजी करत जन्मलात.” मी म्हटलं, “आईही काळजीच करायची.” असं आमचं चालतं.

तर इंजिनियरचं म्हणणं असं, की कारखाना बांधण्याआधी लोक टाकतात काय ते बघायला हवं. म्हणून आपल्या गावाचा आठवडाभराचा कचरा गोळा करून खाणीत नेऊन वजन करायचं, चाळायचं, निवडायचं. सरकारी लॉरी आपल्या गल्ल्यांत शिरत नाही. म्हणून स्पीरूसाहेबांनी माझी गाडी ठरवली. मी नको म्हणत होतो, खेचर खोकतं म्हणून, पण जुस्तीना म्हणाली, बाबा, जा, घरात बसून उगाच टाक्याकडे बघत राहाल.

आणि इथेच सगळी गंमत झाली. गंमत म्हणावी की काय ते तूच ठरव.

त्याआधीच्या रविवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सांगितलं, की सोमवारपासून इंग्रज साहेब आपला कचरा तपासणार आहेत, तर रोज जसा टाकता तसाच टाका, काही लपवू नका. झालं. एवढं सांगायचा अवकाश, चर्चच्या पायऱ्यांवरच बायकांची सभा भरली. परका माणूस येऊन आपल्या डब्यात तोंड घालणार! समोरची जोर्जा म्हणाली, “माझ्या नवऱ्यानं माझं उष्टं कधी बघितलं नाही आणि हा लंडनहून येऊन बघणार?”

तुला ठाऊक आहे, आपल्या घरांतून टाकायला निघतंच काय. सालं शेळीला, पावाचे तुकडे कोंबड्यांना, भाजीचे देठ सशांना, राख भिंतीच्या कडेला, आणि रिकामा डबा मिळाला तर त्यात तुळस. उरतो तो केर. तो केर इंग्रजाला दाखवायचा म्हणजे आम्ही भिकारी आहोत असं त्याला वाटणार, असा गल्लीनं निष्कर्ष काढला. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन निघालो, तर प्रत्येक दाराशी रॉकेलचा डबा घासून लख्ख केलेला, काहींनी चुन्यानं रंगवलेला. आत काय, तर कलिंगडाच्या जाड जाड फोडी, लाल गर तसाच. बटाट्याची सालं अशी जाड, की त्यातून दुसरा बटाटा निघावा. जोर्जानं तर आख्ख्या कोबीची पानं घातली होती, वर म्हणाली, “काय करणार इंद्रीकाका, आमच्याकडे फार उरतं.” मागे परड्यात तिची शेळी ओरडत होती. आठवडाभर गावातल्या सगळ्या शेळ्या ओरडत होत्या.

मंगळवारी चर्चमागच्या गल्लीच्या डब्यात हाडं दिसली. बुधवारी आपल्या गल्लीच्या डब्यातही. खाटिक नार्डू मला सांगत होता, “इंद्रीकाका, जन्मात पहिल्यांदा लोक माझ्याकडे हाडं विकत घ्यायला येतायत. कुत्र्यासाठी हवीत म्हणतात. गावात इतके कुत्रे कधी झाले?” मोठमोठी हाडं, साव्हेर. मी ती गाडीत टाकायचो आणि ती ठणठण वाजायची. खेचर दचकायचं.

गुरुवारी आपल्या घराचा डबा उचलला. त्यातही हाडं होती.

आपला कुत्रा तर तू इथे असतानाच मेला. जुस्तीनानं डबा दाराबाहेर ठेवताना झाकण जरा तिरपं ठेवलं होतं, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल इतकंच. मी झाकण नीट लावलं, डबा गाडीपाशी नेला आणि रिकामा केला. ती दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

आता थांबतो. ऊन उतरलंय आणि मला वांगी उपटायची आहेत.

१४ ऑक्टोबर

काल इकडे आलोच नाही. कामं होती असं सांगितलं असतं, पण कामं नव्हती. पुढचं लिहायचं जिवावर आलं.

जुस्तीनानं हाडं का ठेवली ते मला कळलं होतं, आणि तुलाही कळेल. जिचा नवरा ऑस्ट्रेलियात आहे तिच्या घरी मांस शिजतच असणार, असं गाव धरून चालतं. दर रविवारी चर्चबाहेर तिला विचारतात, “काय म्हणतो साव्हेर?” ती म्हणते, “बरा आहे.” “बोलावतो कधी?” “घर मिळालं की.” तू गेलास तेव्हा वर्षभरात बोलावतो म्हणाला होतास. तिनं सुताराकडून पेटी करून घेतली, तिच्यावर तुझा मेलबर्नचा पत्ता पांढऱ्या रंगात लिहून घेतला. ती पेटी आता जिन्याखाली आहे. तिच्यात आम्ही बी-बियाणं ठेवतो. पहिल्यांदा कांद्याचं बी ठेवलं तेव्हा ती मला म्हणाली, “तेवढ्यापुरतं हं, बाबा.”

रविवारी दुपारी काय झालं ते आता सांगतो.

तुला माहीत आहे, रविवारी सगळ्यांची भांडी बेकरीच्या भट्टीत भाजायला जातात. कुणाच्या भांड्यात काय आहे हे अख्ख्या गावाला दिसतं. हाडांच्या भानगडीत एकीलाही हे आठवलं नाही. आठवडाभर डब्यात बैलाएवढी हाडं, आणि रविवारी भट्टीपाशी ओळीनं भांडी आली तर बहुतेकांत नुसते बटाटे, बडीशेप आणि कांदा. आपल्याही. बायका एकमेकींच्या भांड्याकडे बघत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. भट्टीवाल्याची बायको विटोरीन मात्र हात कमरेवर ठेवून उभी. तिला हाडं ठेवायची गरज नव्हती. तिच्याकडे मांस असतं.

ती म्हणाली, “काय ग बायांनो, हाडं डब्यात आणि भट्टीत नुसते बटाटे? मांस काय कच्चंच खाल्लंत?”

सगळ्या हसल्या. हसून सुटल्या असत्या. पण विटोरीननं एकीला धरलं. “तुझं तरी काय ग जुस्तीना? तुझ्या डब्यात तर गुडघ्याएवढं हाड होतं म्हणे.”

जोर्जा म्हणाली, “तिला ऑस्ट्रेलियातून शिजवलेलंच येत असेल.”

आणि विटोरीन म्हणाली, “येईल कसं? तिथे त्याचं शिजवलेलं खाणारी आहे की.”

मग कुणी हसलं नाही.

साव्हेर, मी बाहेर बाकावर बसलो होतो, बुटाची नाडी बांधत. मला असं काही करायची सवय नाही. तुझी आई होती तेव्हा तीच बोलायची. पण मी उठलो आणि आत गेलो. म्हटलं, “विटोरीन, ती हाडं माझी. डॉक्टरनं सांगितलंय, गुडघ्यांसाठी हाडांचं सूप घ्या.”

“आणि हाडांवरचं मांस कुठं गेलं, इंद्रीकाका?”

“नार्डूच्या दुकानातून हाड आणलं आणि त्यावर मांस सापडलं, असं तुझ्या आयुष्यात कधी झालंय का?”

आता सगळ्या मनापासून हसल्या. नार्डूची बायकोही तिथेच होती, तीही हसली. मी आपलं भांडं उचललं. भयंकर गरम होतं, फडकं घ्यायचंच राहिलं. जुस्तीनानं ते माझ्या हातातून घेतलं, एप्रनच्या टोकानं धरलं, आणि आम्ही निघालो.

वाटेत ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

मी म्हटलं, “येतं की. सगळ्यांनी ऐकलं.”

“गुडघ्यांसाठी सूप?”

“ऐन वेळी तेच सुचलं.”

ती हसली. बराच वेळ हसली. मग भांडं कुणाच्या तरी कुंपणाच्या भिंतीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी शेजारी उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी सांगत होतो, भांडं गरम आहे, जरा टेकलोय.

घरी येऊन तिनं ताटं मांडली. मला भाजलेल्या कडेचे बटाटे दिले, मला आवडतात म्हणून. जेवताना एकदाच म्हणाली, “ते जोर्जाचा भाचा बोलला असणार.”

आता मला लिहावंच लागेल. हे मी तीन दिवस टाळतोय. जोर्जाचा भाचा जुलैमध्ये मेलबर्नहून आला. त्यानं सांगितलं, की त्यानं तुला तिथे एका बाईबरोबर बघितलंय, आणि बाईच्या कडेवर मूल होतं. मी त्याच्याशी बोललो. तो थापा मारणारा मुलगा नाही, पण शहाणाही नाही. गर्दी होती म्हणाला, ट्रामचा थांबा होता म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं नाही. ठेवला नाही असंही नाही. जुस्तीनाला त्यानं सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं तिच्यापर्यंत ते गेलं नसेल. मी किती मूर्ख. ते आधी तिच्यापर्यंतच गेलं होतं.

हे तिनं माझ्यापासून लपवलं आणि मी तिच्यापासून. दोघंही एका टेबलावर बसून जेवत होतो.

१५ ऑक्टोबर

इंजिनियरचं राहिलं. ते सांगायलाच हवं, कारण पुढचं त्यातूनच आलंय.

सोमवारी सकाळी शेवटची गाडी रिकामी करायला खाणीत गेलो. आठवडाभर मी त्या साहेबापासून लांब राहिलो होतो. उंच माणूस, मान उन्हानं भाजून लाल, गुडघ्यावर बसून जाळीवरचा कचरा हातानं निवडायचा, ढिगात काचेची नळी खुपसून आत किती गरम झालंय ते बघायचा, आणि लिहायचा. मी टोपी काढून उभा राहायचो. त्यानं कधी सांगितलं नाही टोपी घाल म्हणून, त्याला कळलंच नसेल.

त्या दिवशी त्यानं मला बोलावलं. स्पीरूसाहेब मध्ये दुभाषे. त्याच्या हातात हाड होतं. मला वाटलं, हे आपल्याच घरातलं.

साहेबानं विचारलं, “या गावात लोक इतकं मांस खातात?”

स्पीरूसाहेबांनी प्रश्न मला सांगितला आणि हळूच जोडलं, “जरा जपून, इंद्रीकाका. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

आता तूच सांग, मी काय म्हणायचं? खातो म्हटलं तर त्या हिशेबानं कारखाना बांधतील, मग यंत्रं राख आणि दगड चघळत बसतील, आणि सगळं आमच्याच उरावर. खात नाही म्हटलं तर बायकांची लाज गेली, आणि सगळ्यांत आधी आमच्या घरातली. मी टोपी फिरवत राहिलो. शेवटी म्हटलं, “साहेबांना सांगा, पाहुणा येणार म्हटल्यावर त्यांच्याकडे घर झाडत नाहीत का?”

स्पीरूसाहेबांनी ते घाबरत घाबरत इंग्रजीत सांगितलं. साहेबानं हाड खाली ठेवलं, चष्मा काढला, रुमालानं पुसला, आणि हसला. म्हणाला, त्याची आई मोलकरीण यायच्या आधी सगळं घर स्वतः झाडून ठेवायची, मोलकरणीनं नावं ठेवू नयेत म्हणून. मग म्हणाला, हाडांचं त्याला बुधवारीच कळलं होतं. हाडं शिजलेली नव्हती. तो मला पेचात पाडायला विचारत नव्हता, त्याला फक्त कारण हवं होतं. कोणत्या घरचं हाड, हे त्यानं विचारलं नाही.

आणि त्यानं सरकारला सल्ला काय दिला माहीत आहे? की वर्षभर एक दगडसुद्धा लावू नका. सगळ्या ऋतूंतला कचरा आधी मोजा, कधी मोजणार ते कुणाला न सांगता. आणि ते काम गावातल्याच कुणाला तरी द्या, ज्याला लिहिता-वाचता येतं आणि ज्याच्यासमोर बायका डबा घासून ठेवणार नाहीत. स्पीरूसाहेबांचं तोंड उतरलं, त्यांना कारखान्याचा फोटो पेपरात यायचा होता. माझ्या डोक्यावरून मात्र ओझं उतरलं. एक वर्ष तरी माश्या नाहीत.

स्पीरूसाहेब परवा आपल्या घरी आले. टाय सैल करून बसले, कॉफी घेतली. म्हणाले, “जुस्तीना, तुझं अक्षर चांगलं आहे, हिशेब चांगला आहे. हे वजनांचं काम तू कर. आठवड्यातून दोनतीनदा खाणीत जायचं. पगार सरकारी.”

तिचे हात पिठात होते. ती म्हणाली, “किती दिवसांचं काम?”

“वर्षाचं. आणि मध्येच सोडून जाता येणार नाही ग. आकडे तुटले तर सगळं वाया.”

“मग मी हो कशी म्हणू?”

“तर नाही म्हण.”

“नाही तरी कशी म्हणू, साहेब?”

स्पीरूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉफीच्या कपात बघितलं. ते म्हणाले, “सेंट मार्टिनच्या सणापर्यंत, अकरा नोव्हेंबरपर्यंत, सांग. तोवर मी जागा धरून ठेवतो. त्यापुढे मलाही वरच्यांना उत्तर द्यायचंय.”

ते गेल्यावर तिनं पीठ मळून पूर्ण केलं. मग म्हणाली, “बाबा, बटाटे किती लावायचे असं कुणी विचारलं तरी मला उत्तर येत नाही. वसंतात ते काढायला मी इथे असेन का, ते मला कुठं ठाऊक? भिंतीला रंग द्यायचा तर वाटतं, कशाला. शेजारणीशी भांडायचं तर वाटतं, आता थोड्याच दिवसांचं तर आहे.” आवाजात रडू नव्हतं. हवामानाबद्दल बोलावं तशी बोलत होती. मला ते रडण्याहून वाईट वाटलं.

साव्हेर, आता शेवटचं लिहितो. कागद संपत आलाय, तो उलटा करून लिहितोय, समजून घे.

तुला इतके महिने मी एकदाही विचारलं नाही की जुस्तीनाला बोलावणार कधी. तू म्हणशील, बाबांनी कधीच विषय काढला नाही. खरं आहे. पत्र ती लिहायची म्हणून काढला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. पण तेवढंच नाही. तू बोलावलंस की ती जाणार. मग या घरात मी, खेचर आणि चिरलेलं टाकं. ती सकाळी चूल पेटवते तेव्हा काहीतरी गुणगुणते, तिला वाटतं मी झोपलोय. मी जागा असतो. तेवढ्यासाठी लवकर जागा होतो. रविवारी सेंट निकोलसच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावून मी म्हणतो, साव्हेरचं पत्र येऊ दे. आणि लगेच मनात म्हणतो, आज नको. देवाला माझं म्हणणं काय कळलं असेल कोण जाणे.

ते आता पुरे झालं. मी म्हातारा आहे, माझं कसंही निभावेल. माझी बहीण आहे, नार्डू आहे, स्पीरूसाहेब येऊन टोमणे मारतात. तिचं वय थांबून राहणार नाही.

तुला बोलवायचं असेल तर बोलाव. मी स्वतः तिला बंदरावर सोडायला जाईन आणि बोटीकडे बघून हात हलवेन, हे मी तुला वचन देतो. घर मिळालं नसेल, काम सुटलं असेल, आणि ते सांगायची लाज वाटत असेल, तर तेही लिही. लाजेपायी माणसं काय काय करतात ते मी आठवडाभर गाडीत भरून वाहिलंय. मला त्याचं काही वाटणार नाही, आणि तिला तर मुळीच नाही.

आणि तो भाचा जे म्हणाला ते खरं असेल, तर तेही लिही. मी तुला शाप देणार नाही. रागावेन, खूप रागावेन, पण ते इथे शेतात, एकटा. ते मूल तुझं असेल तर ते माझंही कुणीतरी लागतं, हे मी विसरू शकत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. जुस्तीना रडेल. मग तोंड धुवून स्पीरूसाहेबांना हो म्हणेल, आणि खाणीत जाऊन आकडे लिहील, आणि तिचं अक्षर तेवढंच सुरेख असेल. ती खचणारी नाही. पण काहीच न कळणं, हे तिनं किती दिवस सोसायचं?

दोन ओळी पुरतील. माझ्या नावावर नको, तिच्या नावावर पाठव. पाकिटावर तिचं नाव तुझ्या हातानं लिही. विमानानं पाठव, बोटीनं पाठवलंस तर सेंट मार्टिनचा सण उलटून जाईल. हे वाचलंस की लगेच बस आणि लिही, बाळा. उद्यावर टाकू नकोस.

तुझा बाप,
आणि तू काहीही लिहिलंस तरी, तिचाही,

इंद्री